लखलखती खुंटी आणि गुलाबी पितळ

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

धरणात किती टक्के पाणी उरलं हे आपल्या पेपरात रोज येतं. त्या पाण्यावरच्या होड्यांबद्दल मात्र होडी उलटली तरच छापून येतं. म्हणून न उलटलेल्या एका होडीबद्दल हे पत्र लिहितो आहे. लांब झालं आहे, कात्री आपल्या हातात आहे.

गेल्या महिन्यात नातीला घेऊन नाशिकजवळच्या एका धरणावर होडीत बसायला गेलो होतो. परत धक्क्याला लागताना पोऱ्याने दोर टाकला, होडीच्या नाकाडावरच्या पितळी खुंटीला दोन वेढे दिले आणि ओढ बसताच खुंटी तुटून दोरासकट त्याच्या पायाशी पडली. (या खुंटीला आमच्या गोदीत क्लीट म्हणत. दोन शिंगांची असते, मेंढ्यासारखी.) होडी चार हात मागे सरकली, नातीने माझा दंड आवळला, पोऱ्याने गुडघाभर पाण्यात उडी टाकून काठ धरला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मालक धावत आला आणि पहिलं वाक्य बोलला, ‘‘काका, अहो दर रविवारी पॉलिश करतो आम्ही!’’

त्याचं खोटं नव्हतं. खुंटी देवघरातल्या समईसारखी लखलखत होती. मी तुटलेला तुकडा उचलून उन्हात धरला. वरून पिवळंधमक आणि मोडलेल्या जागी पिकल्या पेरूच्या गरासारखं गुलाबी, रवाळ. नखाने टोकरलं तर भुगा निघाला.

माझी ओळख सांगतो, म्हणजे हा म्हातारा पितळेबद्दल एवढं का बोलतो ते कळेल. माझे वडील तांबट आळीत घागरी मठारायचे. मी त्यांचा हातोडा सोडून मुंबईला गोदीत फिटर झालो, एकतीस वर्षं जहाजांवरचे झडपांचे आणि पंपांचे नटबोल्ट खोलले-बसवले आणि आता पंचवटीत असतो. वडील घागर विकत घेतानाही आणि विकतानाही तिला बोटाच्या पेराने टिचकी मारायचे. खणखणली तर ठीक, ‘भद्द’ वाजली तर बाजूला. तुटलेल्या खुंटीला मी तशीच टिचकी मारली. भद्द.

झालं काय होतं? पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. बाजारातल्या नेहमीच्या पितळेत जस्त शंभरात पस्तीस-चाळीस भाग असतं. अशा पितळेखाली पाणी साचून राहिलं, त्यात थोडं आम्ल आणि थोडं मीठ मिसळलं, की जस्त हळूहळू विरघळून निघून जातं आणि तांब्याचा सच्छिद्र सांगाडा मागे राहतो. आकार तोच, शिंगं तीच, ताकद मात्र गेलेली. वाळवी लागलेली दाराची चौकट रंगाच्या थरावर उभी असते, तसंच हे.

मग मी विचारलं, पॉलिश कशाने करता? लिंबू आणि मीठ. कधी चिंच-मीठ. फारच काळं पडलं तर संडास साफ करायचं ॲसिड बोळ्यावर घेऊन.

लिंबू-मिठाने तांब्या उजळतो हे आपल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे आणि ते खरंच आहे. लिंबाचं आम्ल आणि मीठ मिळून काळा थर चटकन सोडवतात. पण तांब्या आपण लगेच भरपूर पाण्याने विसळतो, कोरडा पुसतो, उन्हात पालथा घालतो. होडीला स्क्रूने जखडलेली खुंटी कोण पालथी घालणार? रस आणि मीठ पट्टीखालच्या फटीत उतरतं आणि पुढच्या रविवारपर्यंत तिथेच मुरतं. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, म्हणून आपल्या आज्या ठेवू देत नसत. इथे आपण ताकच भरून ठेवतो आहोत, तेही जिथे दिसत नाही तिथे. वरून जितकं घासावं तितकं खालून खातं. माझा अंदाज असा, की त्या खुंटीला पाण्याने मारलं असेल त्याहून जास्त पॉलिशने मारलं.

मालक माणूस चांगला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात, सोबत सिमेंटची रिकामी गोणी. रिकामी कसली, होडीवरचं सगळं लोखंड-पितळ-स्टील काढून त्यात भरलेलं. ‘‘काका, आता तुम्हीच बघा.’’ मोजले तर शेहेचाळीस नग. एक जुनी सागवानी वल्हवायची होडी आणि एक फायबरची मोटरबोट, दोन्हींचे मिळून. पुढचे सहा आठवडे आमची गच्ची म्हणजे चोरबाजार झाली होती. सौ.नी दोन गोष्टी बजावल्या: वाळवणाच्या बाजूला यायचं नाही, आणि देवाच्या भांड्यांची चिंच वापरायची नाही.

पहिलं काम म्हणजे जात ओळखणं. वरवर सगळं एकाच चिकट काळ्या रंगाचं असतं. मी कानशीने प्रत्येकाच्या पाठीवर एक बारीक ओरखडा काढतो. लिंबासारखा पिवळा निघाला तर पितळ. तांबूस-सोनेरी निघाला तर गनमेटल, म्हणजे तांबं अठ्ठ्याऐंशी, कथील दहा, जस्त दोन असा जुना मेळ. कथलाचा मेळ पाण्याला पुरून उरतो. आपल्या काशाच्या वाट्या पिढ्यान् पिढ्या टिकतात त्यामागेही कथीलच आहे. त्या जुन्या होडीची वल्ह्याची कडी गनमेटलची निघाली. मालक ती भंगारात घालून चकचकीत नवी आणणार होता! नवी म्हणून त्याने आणलेली एक कडी गोणीत होतीच. कानस लावली तर वर क्रोमचा पापुद्रा आणि आत राखाडी, जस्ताचं ओतीव. तशी कडी वाकत नाही, बिस्किटासारखी मोडते. आणि वल्हवताना कडी मोडली तर माणूस मागे कसा पडतो ते एकदा ज्याने पाहिलं आहे त्याला समजेल. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ साली रिओ ऑलिंपिकला वल्हवून आला. वल्हवणारा मुलगा आपल्या जिल्ह्याने जगाला दिला आणि आपल्या होडीला मात्र ही कडी!

दुसरी परीक्षा चुंबकाची, पण तिच्यावर आंधळा विश्वास नको. चुंबक चिकटला नाही म्हणजे स्टेनलेस, चिकटला म्हणजे साधं लोखंड, असं दुकानदार छातीठोक सांगतात. रामकुंडावर दोरीला चुंबक बांधून पोरं पाण्यातून नाणी काढतात ती आपण सगळ्यांनीच पाहिली असतील. ते रुपया-दोन रुपयांचं नाणं चुंबकाला चिकटतं, कारण ते स्टेनलेसच असतं, पण वेगळ्या जातीचं. म्हणजे चिकटणारं स्टेनलेसही असतं. होडीसाठी आपल्याला हवं ते बहुधा न चिकटणाऱ्या जातीचं, आणि त्यातही दोन भाऊ आहेत: ३०४ आणि ३१६. दुसऱ्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते मिठाच्या पाण्यात उपयोगी. बोल्टच्या डोक्यावर ‘ए २’ लिहिलं असेल तर पहिला भाऊ, ‘ए ४’ असेल तर दुसरा. आपल्या गोड्या पाण्याला ३०४ पुरतं. ज्याची होडी कधीमधी अलिबागला जाणार असेल त्याने ३१६ घ्यावं.

अडकलेले स्क्रू हा वेगळा अध्याय. लोक एकदम उलटा जोर लावतात, खाच झिजते, मग ड्रिल, मग शिव्या. आदल्या रात्री पातळ तेल सोडून ठेवावं. सकाळी पेचकस खाचेत घट्ट बसवून डोक्यावर हलकी टपली मारावी आणि स्क्रू आधी केसभर आवळावा. हो, आवळावा. गंजाची पकड त्या केसभर हलण्याने सुटते, मग तो उलटा येतो. तरीही नाही आला तर सोल्डरिंगची तापलेली सळई मिनिटभर डोक्यावर टेकवून ठेवायची, मात्र तेल नीट पुसून घेतल्यावरच. शेहेचाळीस नगांत माझे फक्त तीन स्क्रू मोडले, त्यातला एक रागाने.

पितळ आणि गनमेटल साफ करायला मी किराणा दुकानातलं लिंबूसत वापरलं. लिटरभर कोमट पाण्यात पन्नास ग्रॅम, मीठ अजिबात नाही. प्लॅस्टिकची बादली, हातमोजे, आणि एका बादलीत एकाच जातीचा धातू. वीस-पंचवीस मिनिटांत काळं सुटतं. दातांच्या जुन्या ब्रशने घासायचं, मग खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायचं म्हणजे उरलेलं आम्ल मरतं, मग साधं पाणी, मग कोरडं फडकं, मग ऊन. नाशिकचं मे महिन्याचं ऊन या कामाला ईश्वराने दिलेली भट्टी आहे.

इथे एक धोका सांगतो. आम्लातून काढल्यावर चांगलं पितळही वरून किंचित गुलाबी दिसतं. ते पाहून घाबरून फेकू नये. कानशीचा एक ओरखडा काढावा. खाली पिवळं लागलं तर गुलाबी फक्त साय आहे, पॉलिश पेपरने जाते. ओरखडा खोल नेला तरी गुलाबीच लागत गेलं तर तो नग मेलेला आहे. त्याला कितीही घासा, आरतीच्या ताटात शोभेल, दोराला नाही. शेहेचाळिसातले सात असे निघाले. त्यात एक मुलांच्या बाकाच्या कडेचं धरायचं कडं होतं.

उरलेल्यांना दोनशेवीसचा, मग चारशेचा पॉलिश पेपर पाणी लावून फिरवला आणि थांबलो. मालकाला आरसा हवा होता. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत बफिंग, म्हणजे यंत्रावर घासून चकाकी, करून आणतो म्हणाला. मी नको म्हटलं. दर वर्षी बफ मारलं की धातू झिजतो, कडा गोल होतात, स्क्रूच्या डोक्याच्या खळग्या उथळ होतात. होडीवरच्या पितळेचा तपकिरी मंद रंग हा मळ नव्हे, ते तिचं पांघरूण आहे. त्याच्यावर मी मेण दिलं: मधाच्या पोळ्याचं मेण किसून टर्पेंटाइनमध्ये विरघळवलं (विस्तवापासून लांब, नुसत्या उन्हात), नग उन्हाने चटका बसेल इतके तापले की फडक्याने चोळलं आणि गार झाल्यावर पुसलं. पाण्याचा थेंब अळूच्या पानावर पळतो तसा पळतो. दर दोन महिन्यांनी एक हात द्यायचा, लिंबू घरात सरबताला ठेवायचं.

स्टेनलेसच्या कठड्याची कहाणी वेगळी आणि जास्त चीड आणणारी. त्याच्यावर चहा सांडल्यासारखे डाग पडले होते. पोऱ्याने लोखंडी तारेच्या काथ्याने ते घासले, तर महिन्याभरात दुप्पट झाले. ‘‘स्टेनलेसपण डुप्लिकेट यायला लागलंय काका.’’ स्टील डुप्लिकेट नव्हतं. स्टेनलेसला गंजू न देणारी वस्तू म्हणजे त्याच्या अंगावरचा क्रोमियमचा, डोळ्याला न दिसणारा पापुद्रा. ओरखडा पडला तरी हवेतला प्राणवायू मिळाला की तो आपोआप पुन्हा धरतो. पण लोखंडी काथ्याचे बारीक कण त्या ओरखड्यात रुतून बसतात आणि ते गंजतात. त्यावर संडासाचं ॲसिड टाकलं की संपलंच, कारण त्यातलं क्लोराइड नेमका तो पापुद्राच फोडतं. मी कठडा साबणाने धुतला, भांडी घासायच्या हिरव्या, धातू नसलेल्या घासणीने हलक्या हाताने चोळला, लिंबूसताच्या कोमट पाण्यात भिजवलेली फडकी अर्धा तास गुंडाळून ठेवली आणि भरपूर पाण्याने धुतला. लिंबूसत ते लोखंडाचे कण विरघळवून नेतं, स्टीलला हात लावत नाही. बस.

याच पापुद्र्यामुळे स्टेनलेसची एक खोड आहे, ती माहीत असावी. उघड्यावर ते राजा, चिखलात आणि फटीत भिकारी. वायसरखाली, दोराच्या वेढ्याखाली, पाणवेलीच्या कुजक्या गुंत्याखाली प्राणवायू पोचत नाही, पापुद्रा धरत नाही आणि तिथे खड्डे पडतात. गोदावरीत पाणवेली किती, हे मी आपल्या वाचकांना सांगायला नको. होडी बाहेर काढली की तिच्या बुडाला आणि कठड्याला चिकटलेला तो हिरवा गाळ त्याच दिवशी सोडवावा. नाल्याचं पाणी मिसळतं तिथे पितळ-तांबं काळं पडतं, ते वेगळं. सडक्या अंड्यासारखा वास येणाऱ्या वायूचं ते काम.

साध्या लोखंडाचे नग दहा होते. साखळी, नांगर, शॅकल (साखळी जोडायची नालेसारखी कडी). शॅकलना पूर्वी कुणीतरी जस्ताचा मुलामा दिला होता, पण विजेच्या टाकीतला, पिवळसर चकचकणारा. तो मुलामा पाच-दहा मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या पाच-दहा हजारांश भागाचा असतो, खिडकीच्या कडीला ठीक. वितळलेल्या जस्तात, साधारण साडेचारशे अंश तापलेल्या, बुडवून काढतात तो त्याच्या कित्येक पट जाड असतो, दिसायला मात्र राखाडी आणि ओबडधोबड. लोक चकचकीतच निवडतात. जुन्या नांगराच्या दांड्यावर रंगाखाली केशरी थर लागला तेव्हा मी पॉलिश पेपर खाली ठेवला आणि तोंडाला फडकं बांधून पाणी मारत घासलं. पूर्वी जहाजांच्या लोखंडाला पहिला हात शेंदराचा देत. मारुतीला लावतात तो शेंदूर, शिशाचा. लोखंडाला तो उत्तम राखतो, माणसाच्या फुप्फुसाला नाही. तो कोरडा घासून धूळ उडवू नये आणि तिथे मुलांना बसवू नये.

आता मुख्य गोष्ट. हे सगळं साफ करून परत लावलं आणि लावण्याची पद्धत जुनीच ठेवली, तर दोन वर्षांनी पुन्हा गोणी दारात.

मालकाचं म्हणणं होतं, ‘‘गोड्या पाण्यात काय गंजतंय काका, हे काय हर्णे बंदर आहे?’’ अर्धं खरं आहे. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि दोघांवर पाणी असलं की तो छोटासा सेल होतो, टॉर्चमधल्यासारखा, आणि दोघांतला लवकर गंजणारा धातू झिजतो. खाऱ्या पाण्यात वीज सहज वाहते म्हणून झीज दूरवर पसरते. गोड्या पाण्यात ती कमी वाहते, म्हणून सगळा मार जोडाच्या अगदी काठावर पडतो. चार बोटांवरचा भाग नवा दिसतो आणि सांध्यातला स्क्रू संपलेला असतो. गोडं पाणी मारत नाही असं नाही, ते गुपचूप मारतं.

यात धातू कोणते याइतकंच कोण मोठा आणि कोण छोटा हे महत्त्वाचं. आमच्या प्रशिक्षणात ब्रिटिश आरमाराच्या ‘अलार्म’ नावाच्या जहाजाची गोष्ट सांगत. १७६१ साली त्याच्या लाकडी बुडाला पहिल्यांदा तांब्याचे पत्रे ठोकले, लाकूड खाणाऱ्या किड्यांपासून वाचवायला. ठोकले लोखंडी खिळ्यांनी. दोनेक वर्षांनी पाहिलं तर पत्रे झकास आणि खिळे जागोजाग गळून लापशी झालेले. पण काही खिळे मात्र शाबूत! शोध घेतला तर तांब्याचे पत्रे ज्या खाकी कागदात गुंडाळून आले होते तो कागद काही ठिकाणी काढायचा राहिला होता. खिळा आणि तांबं यांच्यामध्ये कागद आला तिथे खिळा वाचला. कामचुकारपणाने विज्ञान पुढे नेल्याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. (आपल्या रविवार पुरवणीचा असा उपयोग कुणी करू नये, ती ओल धरते.)

मोठ्या तांब्यात छोटा लोखंडी खिळा म्हणजे खिळ्याचं मरण. आणि आपल्या त्या होडीवर काय होतं? गनमेटलच्या तळहाताएवढ्या पट्ट्या आणि त्यांना हार्डवेअरच्या दुकानातले लोखंडी स्क्रू, वर पिवळा मुलामा दिलेले म्हणून पितळेचे वाटणारे. अडीचशे वर्षांपूर्वीची चूक आपण सुट्या पैशांत विकत आणतो. पितळेला पितळ, गनमेटलला गनमेटल किंवा ब्राँझ आणि तेही न मिळालं तर स्टेनलेस. मोठं ॲल्युमिनियम आणि छोटा स्टेनलेस स्क्रू चालून जातो, पण मध्ये नायलॉनचं वायसर आणि आट्यांना ग्रीस हवंच, नाहीतर स्क्रूभोवती पांढरी पावडर दिसू लागते. ती दिसली की ॲल्युमिनियम चाललं.

लाकडाचंही सांगतो, कारण सागवान हा आमच्या नाशिककरांच्या अभिमानाचा विषय. सागात तेल असतं आणि ते लोखंडाला बाधत नाही. विलायती ओकच्या लाकडातलं आम्ल खिळे खातं. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ १८१७ साली पाण्यात उतरलं, ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगतं आहे. तेव्हा जुनी सागवानी होडी कुणी जळणाच्या भावात मागितली तर देऊ नका.

पट्टीखाली पाणी शिरू नये म्हणून मालकाने बाथरूमचं सिलिकॉन भरलं होतं. ते भरताना व्हिनेगरसारखा वास आला होता का, असं विचारलं तर म्हणाला, हो, नाकात बसला होता. तो वास म्हणजेच आम्ल. तसलं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि पितळ आणि जस्ताचा मुलामा दोन्ही खातं. ‘न्यूट्रल’ लिहिलेलं मागून घ्यावं, पाच मिनिटं जास्त शोधावं लागतं एवढंच.

आणि जस्ताचा बकरा. मोटरच्या पंख्याजवळ एक धातूची वडी बसवतात. तिने स्वतः झिजायचं आणि मोटरला वाचवायचं. ही युक्ती हम्फ्री डेव्हीची, खाणीतला दिवा करणारा तोच. १८२४ साली त्याने ब्रिटिश जहाजांच्या तांब्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडून दाखवले. तांबं खरोखर वाचलं. आता तांबं झिजेना म्हणून त्यावर शिंपले मात्र बसू लागले आणि डेव्हीची पंचाईत झाली. तर मालकाने ती वडी मला कौतुकाने दाखवली. ‘‘दोन वर्षं झाली, बघा, जशीच्या तशी!’’ बोकड देवीपुढे दोन वर्षं चरतो आहे याचा अर्थ नवस पोचलेला नाही. वडी जस्ताची होती. जस्त खाऱ्या पाण्याला चांगलं, गोड्या पाण्यात त्याच्यावर पांढरट कवच चढतं आणि ते झोपी जातं. इथे मॅग्नेशियमची लागते. शिवाय हौसेने मोटरसोबत त्या वडीवरही निळा रंग मारला होता. रंगाखाली कुठलीच वडी काम करत नाही. नवी बसवली, जागा घासून धातूला धातू टेकवला, आणि सांगितलं, अर्धी झिजली की पेढे वाट. (हीच मोटर समुद्रावर न्यायची झाली तर मॅग्नेशियम काढावं, तिथे ते फार लवकर फस्त होतं.)

बॅटरीची एक वायर बुडातल्या पाण्यात सैल पडली होती, तीही उचलून बांधली. वर सांगितलेलं सगळं वर्षांनी घडतं, वायर पाण्यात असली तर आठवड्यांत.

होड्या आता पावसाळ्यासाठी बाहेर निघतील. त्या कुठे ठेवणार, हेही विचारतो, कारण मालकाची पत्र्याची शेड गोठ्याला लागून आहे. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात लष्कराची पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकत. कारण सापडलं तबेल्यात. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि ठोकून ताणलेलं पितळ, तिघं एकत्र आले की चिरा. गाईचं मूत वेगळं वागत नाही. भिंत हलवणं शक्य नसेल तर निदान पितळी बिजागऱ्या काढून, मेण देऊन घरात ठेवाव्यात. काही तयार पॉलिशमध्येही अमोनिया असतो. बाटलीचा वास घेऊन नाकात झणझण आलं तर नंतर दोनदा धुवावं.

संपादक महाशय, २०२७ला सिंहस्थ आहे. घाटांवर, धरणांवर होड्या वाढतील, बचावाच्याही आणि हौशीच्याही. होड्यांची तपासणी होईल तेव्हा लाइफ जॅकेट मोजतील, माणसं मोजतील, रंग पाहतील. माझी संबंधितांना एकच विनंती आहे: तपासनीसाच्या हातात वहीबरोबर एक पेचकस द्या. प्रत्येक होडीवरची एक खुंटी, एक कडी आणि एक कठड्याचा बोल्ट त्याने खोलून खालची बाजू पाहावी. पंधरा मिनिटं लागतात. जी बाजू दिसते तिची तपासणी प्रवासी फुकट करतातच.

शेहेचाळिसातले एकोणचाळीस नग परत बसवून झाले. सात मेलेले मी मालकाला भंगारात घालू दिले नाहीत. सहा धक्क्यावरच्या तिकीटखिडकीत एका ओळीत मांडून ठेवले आहेत, कानशीचा ओरखडा वर करून. सातवी ती खुंटी, ती नात शाळेत दाखवायला घेऊन गेली आहे आणि अजून परत आणलेली नाही.

पाऊस लागेपर्यंत दर शनिवारी सकाळी मी त्या धक्क्यावर असतो. कुणाला आपल्या होडीवरचं खोलून पाहायचं असेल तर यावं, पेचकस आणि कानस माझी, वायसर आपापले आणावेत.

आपला,
एक निवृत्त फिटर,
पंचवटी, नाशिक